ढोलाला जुना माईक

सन ऐंशीच्या आसपास वर्ध्यात कुणाच्या मांडवात माईक शिट्ट्या मारायला लागला की लोक म्हणायचे, "अरे, नत्थूले बलवा." साउंड सर्व्हिसचं दुकान महादेवरावांचं, भोंगे महादेवरावांचे, मशीनही त्यांचंच, पण कान मात्र नत्थूचे. तो यायचा, माईक वीतभर सरकवायचा, भोंग्याचं तोंड थोडं फिरवायचा, आणि शिट्टी बंद. पुन्हा गर्दीत कुठे जाऊन उभा राहायचा ते कळायचंही नाही. माणूस गुणी होता. पण गुणी माणूस भित्रा नसतो असं थोडंच आहे? नत्थू भित्रा होता. त्याच्या हातून जे झालं ते भित्रेपणाने झालं, त्याला उगाच दुसरं गोंडस नाव देण्यात अर्थ नाही.

त्याचं आडनाव कुमरे. हिंगणीच्या पलीकडे, बोरच्या जंगलाला लागून गोंडांची वीसेक घरं होती. त्या वस्तीला सगळे नुसतं टोला म्हणायचे. बाप गोमाजी थोडी शेती करायचा, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जायचा, आणि लग्नसराईत ढोल वाजवायचा. माय जिजा नत्थूच्या लहानपणीच गेली. घरात बाप, नत्थू आणि धाकटी बहीण सखू. घरात बोलणं गोंडीत, बाहेर आल्यागेल्याशी वऱ्हाडीत.

गोमाजीचा ढोल म्हणजे टोल्याचा अभिमान. एका तोंडावर तळहात पडायचा, तिकडून जमिनीतून आल्यासारखा घुमारा यायचा. दुसऱ्या तोंडावर काडी पडायची, तिकडून खणखणीत बोल निघायचे. वाजवण्याआधी तो तणसाचा जाळ करून कातडं शेकायचा, बोटाने टिचकी मारून पाहायचा, पुन्हा शेकायचा. लग्नातले म्हातारे तेवढा वेळ मुकाट वाट पाहत. गोमाजीला घाई कर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

लहानग्या नत्थूला एक खोड होती. ढोल सुरू झाला की पोरं ढोलाभोवती नाचायची आणि हा मांडवालगतच्या मोहाच्या झाडावर चढून बसायचा. खाली राहिलं की ज्या बाजूला आपण, तेच तोंड ऐकू यायचं. दुसरं नुसतं मागून कुरकुरायचं. वर फांदीवर मात्र दोन्ही तोंडांचा आवाज एकत्र होऊन यायचा, घुमाराही आणि काडीही. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. पुढे माईकच्या धंद्यात लोक त्याच्या कानांचं कौतुक करायचे, ते कान या फांदीवर तयार झाले होते. पण हे त्याने वर्ध्यात कधी कुणाला सांगितलं नाही.

का सांगितलं नाही, तेही ऐका. चौऱ्याहत्तर साली, मिसरूड फुटायच्या वयात तो महादेवरावांकडे कामाला लागला. महादेवराव तोंडाचे फटकळ, मनाचे चांगले. पहिल्याच लग्नसराईत एका पंगतीत जेवताना त्याने घाईघाईत पाणी मागितलं आणि तोंडातून घरचा गोंडी शब्द निघून गेला. पंगतीतले चारपाच जण हसले. एकाने नक्कल केली. कुणी विचारलं, "कुठून धरून आनलं बे याले, जंगलातून?" हसणाऱ्यांनी पुढच्या घासाला ते सोडून दिलं. नत्थूने सोडलं नाही. त्या दिवसापासून तो वर्ध्यात मोजकं बोलू लागला. गाव विचारलं तर "हिंगणी." घरी काय, तर "शेती." आडनाव कुणी विचारायची वेळच येऊ दिली नाही, सगळ्यांसाठी तो नत्थू माईकवाला.

बापाला वर्ध्याला यायची फार हौस. आपला पोरगा भोंगे वाजवतो ते दुकान एकदा पाहू दे म्हणायचा. नत्थू दर खेपेला म्हणायचा, "बा, तू काऊन एसटीत धक्के खातो? मीच येतो ना." आणि यायचाही, सणावाराला न चुकता, सखूला बांगड्या आणि बापाला विड्यांची बंडलं घेऊन. टोल्यावर त्याच्याइतका चांगला मुलगा दुसरा नव्हता. बापाला हे पोराचं प्रेम वाटायचं. थोडं होतंही. पण त्यात किती प्रेम आणि किती लाज, हे नत्थूला पक्कं ठाऊक होतं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात अण्णाजी मास्तर दुकानात आले. अण्णाजी मूळचे अल्लीपूरचे, मास्तरकी संपवून वर्ध्यात राहिलेले, धोतर-टोपीतले उत्साही गृहस्थ. डोक्यात एकच खूळ, जिल्ह्यातल्या लग्नाच्या गाण्यांची कॅसेट काढायची. गायला सेलूच्या बायका ठरवल्या होत्या. तरुण पोरांनी घ्यावी म्हणून काही गाण्यांना वर्ध्याच्या ऑर्केस्ट्राचे ड्रम लावायचे, असं महादेवरावांनी सुचवलं.

"आणि एका गाण्याला अस्सल ढोल पाहिजे," अण्णाजी म्हणाले. "हिंगणीच्या बाजारात मी एका म्हाताऱ्याचा ऐकला. अंगावर काटा आला हो! मी त्याला सांगून आलोय. कुणी गोमाजी म्हणून आहे."

नत्थू तेव्हा केबलच्या टोकाला झाळ मारत होता. हातातली झाळायची गरम कावी तारेवरून घसरली. त्या घटकेला "अहो, तो माझा बाप" असं म्हणून मोकळं होता आलं असतं. अण्णाजींनी त्याला मिठीच मारली असती. पण इतकी वर्षं तोंड दाबून बसलेल्या माणसाला पहिला शब्द सापडत नाही. सांगू उद्या, असं म्हणत त्याने दिवस ढकलले, आणि ध्वनिमुद्रणाचा दिवस उजाडला.

शाळेला सुट्ट्या होत्या, म्हणून शाळेचा हॉल मिळाला. पंख्यांची घरघर टेपमध्ये जाते म्हणून पंखे बंद. मे महिन्यातला वर्धा आणि पंखे बंद. आत बसलेल्यांच्या अंगातून पाण्याच्या धारा. महादेवरावांनी नागपूरहून भाड्याने दोन नवे माईक आणले होते, पेनासारखे बारीक, आत सेल घालायचे. बाकी दुकानातले जुने, लोखंडी डब्यासारखे, भाषणाला ठीक. जुन्या माईकला ड्रमच्या पितळी झांजा म्हणजे पत्रा आपटल्यासारख्या ऐकू येत.

"कोनता माईक कुठं, ते नत्थू ठरवीन," महादेवरावांनी जाहीर केलं. "त्याच्यात मीबी बोलत नाई."

सकाळभर नत्थूने ड्रमवाल्याला घामाघूम केलं. शिडी लावून हॉलच्या छपराच्या कैच्यांना दोऱ्या बांधल्या आणि दोन्ही नवे माईक ड्रमच्या वर टांगले. कानाला हेडफोन लावून तो ऐके, शिडीवर चढे, दोरी चार बोटं ओढे, पुन्हा उतरून ऐके. खूप खाली आणलं तर झांजा कान फोडत, खूप वर नेलं तर हॉल भणभणे. शेवटी एका जागी झांजा, मोठा ड्रम, छोटा ड्रम, सगळं आपापल्या जागी स्वच्छ ऐकू आलं. महादेवरावांनी हेडफोन लावला आणि मान डोलावली. ड्रमवाल्याने ऐकलं तर तो खुर्चीवरून उठलाच. "नत्थूभाऊ, मी एवढा चांगला वाजवतो का हो?" सगळे हसले. नत्थूही हसला. आयुष्यातला त्याचा चांगला दिवस तो असायला हवा होता.

दुपारी गोमाजी दारात उभा राहिला.

खांद्यावर ढोल, डोक्याला जुनं मुंडासं, गुडघ्याच्या वर खोचलेलं धोतर, पाय धुळीने पांढरे. एका हातात फडक्याचं गाठोडं. उन्हातून आल्यामुळे त्याला आतलं नीट दिसत नव्हतं. डोळे बारीक करून तो एकेक तोंड पाहत होता, आणि नत्थू दिसल्यावर त्याचा सगळा चेहरा उजळला. हाक मारायला त्याने तोंड उघडलं.

नत्थूने पाठ फिरवली आणि खाली बसून तारांचा गुंता सोडवायला लागला. गुंता नव्हताच.

"या, या गोमाजी!" अण्णाजी धावले. "नत्थू, अरे तू हिंगणीकडचा ना? यांना ओळखतोस की नाही?"

ऑर्केस्ट्रावाले पाहत होते. सेलूच्या बायका पाहत होत्या. पंगतीतलं हसू नत्थूच्या कानात नऊ वर्षांनी पुन्हा सुरू झालं. तो तारांकडे पाहतच म्हणाला, "असतीन त्या बाजूचे. मी लहानपनीच निघालतो ना तिकडून."

हे बोलून झाल्यावर त्याला वाटलं, आता बाप रागावेल, शिवी देईल, ढोल उचलून चालता होईल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. गोमाजीने उघडलेलं तोंड मिटलं. ढोलाचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. मग दोन पावलं पुढे येऊन आपल्या पोराला म्हणाला, "साहेब, ढोल कुठं ठेवू?"

लाजेने माणूस मरत नाही, नाहीतर नत्थू तिथेच मेला असता. त्याने नुसतं बोट दाखवलं.

गोमाजीने गाठोडं सोडलं. आत पिकलेली टेंभरं होती, तेंदूची फळं, जंगलातून त्याच पहाटे वेचलेली. नत्थूला लहानपणी टेंभरं दिसली की जेवणखाण सुचत नसे. म्हाताऱ्याने गाठोडं महादेवरावांपुढे धरलं. "दुकानातल्या लोकाइसाठी आनली जी. सगळ्याइले द्या." महादेवरावांनी सगळ्यांना वाटली. नत्थूच्याही हातावर दोन आली. सगळे खात होते म्हणून त्यालाही खावी लागली. बाप भिंतीला टेकून, दुसरीकडेच पाहत बसला होता.

ढोल शेकायला जाळ हवा होता. चौकीदार म्हणाला, शाळेत आग लावू देणार नाही. मग गोमाजीने ढोल अंगणातल्या उन्हात ठेवला, स्वतः शेजारी उन्हात बसला, आणि टिचक्या मारत राहिला. नत्थूला ती टिचकी आतून ऐकू येत होती. तिसऱ्या-चौथ्या टिचकीला त्याला कळलं की कातडं आता बरोबर आलं. पुढच्याच क्षणी गोमाजी ढोल उचलून आत आला.

"ढोलाले कोनता लावतो?" महादेवरावांनी विचारलं. "वरचे दोन इकडे घेतो का?"

नत्थूला उत्तर माहीत होतं. या जगात त्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. दोन तोंडांचा ढोल, दोन माईक, मोहाच्या फांदीइतके उंच टांगायचे, बस. पण त्यासाठी शिडी लावायची, बापाला हॉलच्या मध्यभागी बसवायचं, त्याच्या डोक्यावर उभं राहून दोऱ्या ओढायच्या, त्याला अर्धा तास वाजवायला लावायचं. तेवढ्या वेळात बाप एकदा तरी चुकून "नत्थ्या" म्हणेल. कुणी विचारेल, या गोंडाच्या ढोलाची इतकी खबर तुला कशी? दोघांचं नाक एकसारखं आहे, हेही कुणाच्या लक्षात येईल.

"वरचे ड्रमवरच राहू द्या," तो म्हणाला. "याले जुना पुरते."

महादेवरावांनी भुवया वर केल्या. "पुरते?"

"ढोलच तं हाये, भाऊ."

हे तो जरा मोठ्यानेच बोलला, ऑर्केस्ट्रावाल्यांना ऐकू जावं म्हणून. ते गोमाजीलाही ऐकू गेलं.

जुना माईक हातभर अंतरावर, तळहाताच्या बाजूला उभा केला. गोमाजीने पहिली थाप मारली आणि मशीनची सुई लाल पट्ट्यात जाऊन आपटली. एवढा आवाज त्या डब्याला झेपणारा नव्हता. नत्थूने आवाज कमी केला, तरी सुई लाल. शेवटी तो आपल्या बापाला म्हणाला, "जरा हळू वाजवा." वाजवा! जन्मात पहिल्यांदा त्याने बापाला अहो-जाहो केलं, आणि ते मान देण्यासाठी नव्हतं.

"हो साहेब," गोमाजी म्हणाला आणि हळू वाजवू लागला. लग्नाचा ढोल हळू वाजवायचा नसतो. बायका गात होत्या, पेटी वाजत होती, आणि म्हातारा काडी अशी टेकवत होता की जणू आत कुणी आजारी माणूस झोपलाय. काडीची बाजू माईककडे नव्हतीच, तिचे बोल हॉलच्या भिंतींवर जाऊन विरले. हेडफोनमध्ये हे सगळं नत्थूला ऐकू येत होतं. अण्णाजींनी विचारलं, "आलं का नीट?" नत्थू म्हणाला, "आलं."

गोमाजी एसटी गाठायला निघाला तेव्हा त्याने सगळ्यांना राम राम केला. नत्थूलाही केला, सगळ्यांसारखाच.

त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी रात्री नत्थूने स्वतःची समजूत घातली. कॅसेट कोण ऐकतंय? एका गाण्याचा तर प्रश्न. दिवाळीला जाईन तेव्हा बाला नवं धोतर घेईन. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला धोतरही पुरतं.

पण दिवाळीच्या आधी अण्णाजी हिंगणीच्या बाजाराला गेले आणि हौसेने एक कॅसेट गोमाजीच्या हातात देऊन आले. टोल्यावर टेपरेकॉर्डर कुणाकडे असणार? गोमाजीने ती कॅसेट लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, नत्थ्या येईल, त्याचं मशीन आणील, मग ऐकू. नत्थू आला तर टोला त्याची वाटच पाहत होता. दुकानातला टेपरेकॉर्डर त्याच्या पिशवीत होता. तो दर दिवाळीला आणायचाच. सुटायला जागा नव्हती.

भरदुपारी गोमाजीच्या अंगणात सगळा टोला जमला. पोरं पुढे, बायका ओट्यावर, म्हातारे झाडाखाली. सखूने टेपरेकॉर्डर पाटावर ठेवला, वर हळदकुंकूही लावलं. आपल्या गोमाजीचा ढोल, आणि कॅसेटमध्ये भरला कुणी, तर आपल्या नत्थ्याने. एकाच घराचे दोन मान. लोकांच्या तोंडावर नुसतं कौतुक होतं, आणि नत्थूला ते अंगावर तापलेल्या राखेसारखं लागत होतं.

आधी ऑर्केस्ट्राची गाणी लागली. झांजा कशा स्वच्छ, ड्रम कसे टप्पोरे! लोक माना डोलवत होते. मग ते गाणं आलं. बायकांचे आवाज आले, पेटी आली. ढोल येईना. लोक जवळ सरकले. लक्ष देऊन ऐकल्यावर कुठेतरी लांब, पलीकडच्या घरात कुणी सूप आपटावं तसं काहीतरी ऐकू यायला लागलं. तेवढ्यात गाणं संपलं.

पहिला बोलला तानबा. तानबा गोमाजीच्या हाताखाली शिकलेला, त्याच्यानंतरचा टोल्यावरचा चांगला ढोलवाला, आणि मनात आलेलं पोटात न ठेवणारा. "काऊन रे नत्थ्या," तो म्हणाला, "त्या झांजा तं लय चांगल्या भरल्या तू. आन बापाचा ढोल काऊन नाई भरता आला? मशीन बिघडलीती का तुले येत नाई?"

सगळे नत्थूकडे पाहायला लागले. सखूसुद्धा. खरं सांगायचं तर फक्त माईकचं सांगून भागणार नव्हतं; जुना माईक का लावला, तेही सांगावं लागलं असतं. त्याने खोटं काहीतरी जुळवायला सुरुवात केली, केबल, सेल, हॉल, आणि त्यातलं एकही तोंडाबाहेर यायच्या आत गोमाजी उठून उभा राहिला.

"मशीन चांगली हाये," तो म्हणाला. "पोरानं बरोबर भरलं. हात गेले माहे."

टोल्यावर ढोलाची एक रीत होती. ज्याचे हात थकले त्याने चार लोकांसमोर तसं म्हणायचं आणि काडी जमिनीवर ठेवायची. जो उचलेल तो पुढचा ढोलवाला. एकदा ठेवलेली काडी परत उचलायची नाही; असं आजवर कुणी केलं नव्हतं. आणि साठी आली तरी गोमाजीने अजून काडी ठेवलेली नाही, हे टोला बाहेरच्यांना छाती फुगवून सांगायचा. गोमाजी आत गेला, काडी घेऊन आला, आणि तानबाच्या पायाशी ठेवली.

तानबाचं तोंड उतरलं. "गोमाबा, मी तं उगीच म्हटलं..."

"उचल."

तानबाने काडी उचलली. बायका ओट्यावरून उठून गेल्या. सखू पदर तोंडात धरून आत पळाली. आणि नत्थू पाटापुढे उकिडवा बसून राहिला. बापासमोर तोंड उघडायची ही दुसरी वेळ होती. दुसऱ्यांदाही त्याने ते उघडलं नाही. आता मात्र त्याला आपली किळस आली. आपण काय केलंय हे त्याला अगदी नागडं दिसत होतं: बापाचे हात शाबूत आहेत, तो ते गेले असं समजून बसलाय, आणि खरं माहीत असणारा एकटा मी.

पुढच्या वैशाखात सखूचं लग्न झालं. पोरीने लहानपणापासून म्हटलं होतं, माझ्या लग्नात बाचा ढोल. तो वाजला नाही. तानबाने वाजवला, जीव तोडून वाजवला. गोमाजी नवं धोतर नेसून पाहुण्यांत बसला होता. त्याचा डावा तळहात मांडीवर पडत होता आणि उजव्या हाताची दोन बोटं गुडघ्यावर चालत होती. तानबाचा एक बोल चुकला, तेव्हा ती बोटं चुकली नाहीत. नत्थू समोरच उभा होता. त्याने ते पाहिलं आणि ठरवलं, उद्या सांगायचं. मग बाप जोड्याने मारो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात गेली, पाहुणे पांगले. बापलेक दोघंच मांडव सोडत होते. गोमाजी खांबांच्या गाठी सोडत होता, नत्थू बांबू धरून होता.

"बा," नत्थू म्हणाला, "तुहे हात नाई गेले."

गोमाजीने गाठ सोडली, सुंभ हाताभोवती गुंडाळला. "माहीत हाये मले," तो म्हणाला.

नत्थूला वाटलं, ऐकलंच नाही नीट. तो घाईघाईने सांगत सुटला. "त्या दिवशी म्याच जुना माईक लावला तुले. वरचे दोन होते. ते लावले असते तं तुहा ढोल..."

"दिसलं ना मले. त्या पितळेवर दोन टांगले, आन माह्याकडे एक डब्बा. मी का आंधळा हावो?" म्हाताऱ्याच्या आवाजात रागबिग काही नव्हता. "आन ढोलच तं हाये म्हनला तू. तेबी आयकलं."

नत्थूने विचारलं, "मंग काडी काऊन ठेवली?"

"तानबा चार लोकाइत तुले पुसून राह्यला होता. तू काय सांगनार होता?" गोमाजी दुसऱ्या गाठीशी झटत होता. "टोल्यावरची गोष्ट हिंगणीच्या बाजारात जाते, बाजारातून वर्ध्याले जाते. नत्थूले बापाचा ढोल नाई भरता आला म्हनले असते लोक. मंग तुले काम कोन देईन? माहे हात गेले म्हटलं, गोष्ट मिटली."

"मी सांगतो सगळ्याइले. आत्ता जातो. तानबाच्या घरी जाऊन सांगतो, बा."

"सांगून काय होते? काडी ठेवली ना म्या." गाठ सुटली. गोमाजीने बांबू नत्थूच्या हातात दिला आणि इकडेतिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. तरी तो जवळ आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "एक पुसू का तुले? साल झालं, मनात हाये."

"पूस."

"तिथं मी तुले साहेब म्हटलं. मले एकाएकी दुसरं सुचलं नाई. बरोबर झालं ना ते? का कोनाले समजलं?"

बापाच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. वर्षभर तो ती बाळगून होता. नत्थूने बांबू घट्ट धरला. त्याला बापाचे पाय धरायचे होते, रडायचं होतं, पण आधी उत्तर द्यायला हवं होतं, बाप वाट पाहत होता.

"नाई, बा," तो म्हणाला. "कोनालेच नाई समजलं."

"मंग झालं," गोमाजी म्हणाला. त्याच्या तोंडावर खरोखर ओझं उतरल्यासारखं दिसलं, आणि तो पुढच्या खांबाची गाठ सोडायला गेला.